अर्नीच्या आट्यांचा स्क्रू

शर्यत दुपारी दोनला आणि नोलीनच्या कायाक होडीचं सुकाणू हातात आलेलं. ते ज्या एका स्क्रूवर लटकायचं, तो सकाळी सरावाच्या वेळी नांबका नदीनं गिळला होता.

हार्डवेअरच्या दुकानात तिनं सहा मिलिमीटरचे सगळे स्क्रू लावून पाहिले. दोन फेरे आत जायचे आणि अडून बसायचे. बसणारच! होडी तिच्या नवऱ्यानं बांधलेली. सगळा देश मिलिमीटरवर गेला त्याला जमाना झाला, पण अर्नी इंचावरून हलला नाही. आजोबांच्या हत्यारांनी आटे स्वतः पाडायचा, स्क्रूही स्वतःच कातायचा. अर्नी जाऊन तीन वर्षं झाली, त्याचा हट्ट मात्र ठणठणीत होता.

अशा दोनच होड्या त्यानं बांधल्या. दुसरी क्लॅरीची. साठीपुढच्यांच्या शर्यतीत या क्लॅरीनं नोलीनला सलग सात वर्षं हरवलं होतं. यंदा एकदा तरी त्याच्या आधी काठाला लागायचंच, म्हणून बाई हिवाळाभर पहाटे पाण्यात होत्या. आता नाक मुठीत धरून त्याच्याच शेडवर जायची वेळ आली.

"जास्तीचा असेल ना रे एखादा?"

क्लॅरीनं स्क्रूंच्या सगळ्या बरण्या टेबलावर उपड्या केल्या. त्या ढिगात एकही बसणारा निघाला नाही. मग तो स्वतःच्या होडीमागे उकिडवा बसला आणि तिच्या सुकाणूच्या स्क्रूला पेचकस लावला.

"अरे, वेड लागलं का? तुझं सुकाणू?"

"कुंपणाची तार बांधतो. तारेवर निम्मा देश उभा आहे."

"मग मीच बांधते की तार!"

"तुला धड गाठ मारता येते का? घे मुकाट्यानं. आणि हरलो तर तारेमुळे हरलो म्हणणार, आत्ताच सांगून ठेवतो."

स्क्रू लोण्यात शिरल्यासारखा आत गेला.

शर्यतीत अर्ध्या वाटेपर्यंत क्लॅरीच पुढे होता. वळणावर वारा आडवा आला, तार निसटली आणि होडी थेट खारफुटीत घुसली. नोलीननं वल्हं थांबवलं.

"थांबलीस तर बघ!" तो चिखलातून ओरडला. "जन्मात बोलणार नाही!"

ती थांबली नाही. पहिली आली. टाळ्या झाल्या, कुणीतरी पावात सॉसेज घालून हातात दिलं. पण तिला ते गिळवेना. कुणाला चिडवावं, कुणाशी भांडावं? ती सारखी वळणाकडे बघत राहिली.

पाऊण तासानं क्लॅरी होडी ओढत, गुडघाभर चिखलातून आला. ती धावतच पाण्यात उतरली.

"किती उशीर! पहिलं येऊन असं एकटं उभं राहायचं असतं होय रे?"

"सात वर्षं उभा होतो," क्लॅरी म्हणाला. "दर वेळी वाटायचं, ही बया येते कधी एकदाची."

नोलीननं अर्धं सॉसेज तोडून त्याच्या हातावर ठेवलं.