एक तास आधी वाजलेली रिम

मी एक जुनी रिम आहे. लॉरीच्या चाकातली, लोखंडी. मित्रांनो, नाक मुरडू नका. माचाकोस शहराजवळच्या या मुलींच्या शाळेत मी वाजल्याशिवाय मुख्याध्यापिकासुद्धा जेवत नाहीत.

तरुणपणी मी मोम्बासाच्या रस्त्यावर सिमेंट वाहिलं. मालक रोज म्हणायचा, "आणखी दोन पोती काय जड आहेत?" दोन पोती जड नसतातच. मग त्यावर आणखी दोन. एके दुपारी टायर फुटला, लॉरी चारीत बसली आणि मी भंगारात गेले. तिथून शाळेने मला आणलं आणि आंब्याच्या फांदीला टांगलं. लोखंडी गज मारला की मी खणखणते. एकोणीस वर्षं मुली माझ्या आवाजाने उठतात आणि मला शिव्या देतात. कौतुक होतं ते फक्त जेवणाच्या घंटेला.

मला वाजवण्याचा मान शेवटच्या वर्गातल्या एका मुलीला मिळतो. ही गोष्ट घडली त्या वर्षी तो न्दुकूला मिळाला. शाळेचं घड्याळ तिच्या मनगटावर आणि सगळं गाव तिच्या डोक्यावर. बोर्डाच्या परीक्षेआधी इकडे नातलग शुभेच्छापत्रं पाठवतात. न्दुकूला सत्तावीस आली. मावशीने लिहिलं होतं, 'आमच्या डॉक्टरीणबाईंना.' शेजाऱ्याने तर आपल्या गुडघ्याचं दुखणंही सविस्तर कळवलं होतं. न्दुकू ती पत्रं उशीखाली घेऊन झोपायची, म्हणजे झोपायची नाही. डोळा लागू नये म्हणून पहाटे गार पाण्याच्या टबात पाय बुडवून ती रसायनशास्त्र वाचत बसे.

गणिताच्या सराव परीक्षेत तिने घड्याळाकडे इतक्यांदा पाहिलं, की शेवटी त्यातलं काहीच कळेना. अकरा वाजताच ती धावत आली आणि तिने बाराची घंटा दिली. पेपर गोळा झाले. सगळी शाळा ताटं घेऊन स्वयंपाकघरापाशी. दारात म्हातारा आचारी किओको पळी घेऊन उभा.

"घेवडा अजून दगड आहे, पोरींनो. जास्तीचे दात आणलेत का?"

"पण आजोबा, घंटा झाली."

"झाली असेल. घेवडा कुठे शाळेत गेलाय?"

मुख्याध्यापिका मुथेउबाई रागावल्या नाहीत. "पुढच्या सोमवारी पुन्हा पेपर," एवढंच म्हणाल्या. न्दुकूला ते जास्त लागलं. दुपारी ती पत्र्याची पेटी घेऊन माझ्याखाली आली. किओको तिथेच सावलीत बसला होता.

"आजोबा, बाईंना सांगा, मी घरी निघाले. मला साधा तास मोजता येत नाही, परीक्षा कसली देतेय?"

"जा. पण दोनची घंटा देऊन जा. काम तुझंच आहे."

तिने डाव्या हाताने मला घट्ट धरलं आणि गज मारला. ठप्प. पुन्हा मारला. ठप्प.

"गळा आवळून कुणाला गायला सांगतेस?" किओको म्हणाला. "सोड की तिला."

तिने सोडलं. मी अशी वाजले की कावळे उडाले. न्दुकू आपल्या तळहातावरचा लाल वळ बघत राहिली.

"पेटी आत ठेव," किओको म्हणाला. "रोज संध्याकाळी अर्धा तास घेवड्यातले खडे काढायला ये. अभ्यासाचा शब्द काढलास तर कांदे चिरायला बसवीन."

पहिल्या संध्याकाळी तिने कांदे चिरले. दुसऱ्याही. तिसऱ्या दिवशी तिची मैत्रीण कलेक्ये आली आणि आठवड्याभरात सगळा वर्गच चटईवर. खडे निघत, बाईंच्या चालण्याच्या नकला होत. एकदा स्वतः मुथेउबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी डावा पाय एवढा नाही ओढत." मग त्याही निवडायला बसल्या.

न्दुकू रात्री झोपू लागली. शेजाऱ्याला तिने उत्तर पाठवलं, 'काका, गुडघा दवाखान्यात दाखवा. मी अजून शाळेत आहे.'

फेरपेपराच्या सोमवारी बाराची घंटा बारालाच झाली. बोर्डाच्या परीक्षेत तर प्रत्येक पेपरला ती मला एका बोटाने हलकेच झुलवून बघायची, मी मोकळी आहे ना, आणि मगच गज उचलायची.

तिचा निकाल मला विचारू नका. रिमला कुणी गुणपत्रिका दाखवत नाही. एवढं ठाऊक आहे, की त्या वर्षी शाळेच्या घेवड्यात एकही खडा निघाला नाही. किओको अजून ते आपलंच कर्तृत्व म्हणून सांगतो.

मित्रांनो, 'आणखी दोन पोती' म्हणणारे भेटतीलच. त्यांना माझा टायर आठवून सांगा, आजच्यापुरतं पुरे. आणि कधी मला वाजवायला आलात, तर जोरात मारा, खुशाल मारा. फक्त धरून ठेवू नका.