बंद केलेलं औषध

थोरला टॅक्सी चालवायचा आणि त्याच टॅक्सीतून वडिलांना, अण्णांना, डायलिसिसला न्यायचा. एकदा वाटेत, ऐन सिग्नलला, अण्णांना आवरलं नाही. ते मान खाली घालून बसून राहिले. थोरल्याने सीट घासूनपुसून धुतली, तरी पुढचं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून मध्येच उतरलं.

अण्णांची आतडी सुस्त, म्हणून पोट साफ होण्याचं औषध रोज चालू होतं. थोरल्याने ती बाटली माळ्यावर टाकली. म्हणाला, "डॉक्टरांनी बंद केलंय."

"बरं," अण्णा म्हणाले. पोराच्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

पोट दगडासारखं झालं. "अहो, मामंजी दोन घासांवर उठतात," थोरल्याची बायको म्हणाली.

"वय झालंय त्यांचं," थोरला एवढ्या जोरात खेकसला की ती ताट उचलून आत गेली. चोराच्या मनात चांदणं!

मग एका सकाळी अण्णा खुर्चीतून उठायला गेले आणि पायांत जीवच नाही. थोरल्याने त्यांना उचलूनच दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी बघताच डॉक्टरीणबाईंचा चेहरा पालटला. "पोटॅशियम फार चढलंय. हृदय बंद पडेल अशानं. डायलिसिसचं मशीन लावा लगेच!"

नर्सने इंजेक्शन दिलं. बाईंनी अण्णांचं पोट दाबून पाहिलं. "काका, पोट साफ कधी झालं?"

"आठवडा होत आला असेल."

"आणि औषध?"

"ते तुम्हीच बंद केलंत ना?"

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं. "मी बंद केलं," तो पुटपुटला. "गाडी खराब होते म्हणून."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मूत्रपिंडं थकली की दोन डायलिसिसच्या मध्ये पोटॅशियमला बाहेर पडायला आतड्याचीच वाट उरते," त्या म्हणाल्या. "तीही तुम्ही बुजवलीत."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मशीन फिरू लागलं. थोरला त्यांचे पाय चेपत बसला. दुपारी पायांची बोटं हलली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला.

घरी आल्यावर त्याने औषधाचा चमचा पुढे केला. अण्णांनी तोंड उघडलं नाही.

"सूनबाई," त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली, "हे घ्यायचंय ना गं मी?"

"हो, मामंजी."

मग त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवसापासून रोज ते असंच विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत थोरला चमचा धरून उभा राहतो.