टँकरमागचा मलप्पा

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शिरूरकडच्या विहिरी आटल्या. त्याच सुमारास नव्या जिल्ह्याला पोलीस हवेत अशी बातमी आली. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, लगेच निकाल देऊन टाकला.

"पोरगी मामाच्या मलप्पाचीच हाय. पण भरती झाला तर! न्हाई तर उदगीरचं स्थळ येऊन बसलंय."

उदगीरच्या त्या पोराची दोन दुकानं होती, पण तो बोलताना डोळे मिटून घ्यायचा. मला मलप्पाच हवा होता. तेव्हा ते अजून माझे 'हे' झाले नव्हते, म्हणून नाव घेते.

मलप्पा अंगानं दणकट होता, पण पळण्याची त्याला एकच चाल माहीत होती, सुटलेल्या खोंडाची. घरातून निघायचा तो धूळ उडवत पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा आणि तिथं आडवा पडायचा. चौथ्या दिवसापासून गिरणीवाल्या रामकिशननं त्याच्यासाठी दारात बाजच टाकून ठेवली. भरतीला मैदानाच्या आठ फेऱ्या होत्या आणि गिरणी एका फेरीइतकीसुद्धा लांब नव्हती.

मग त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या गुरम्मामामीनं, डोकं चालवलं. पाण्याचा टँकर सकाळी पाच वस्त्या फिरायचा. रस्ता खड्ड्यांचा, त्यामुळं तो दुडक्या चालीनंच जायचा. त्याचा मागचा नळ गळका होता. मामीनं पोराच्या हातात बादली दिली.

"त्या गळतीखाली धरून पळ. थेंब वाया गेला तर भाकर न्हाई."

"अगं आये, टँकर लई हळू जातो! मी म्होरं निघून जाईन."

"जा की. म्होरं गेलास तर बादलीत वारा भरून आण."

पहिल्या दिवशी त्यानं वाराच आणला. मग हळूहळू पायाला टँकरची चाल बसली. पहिल्या आठवड्यात एक वस्ती, मग दोन. ड्रायव्हर निवृत्ती खिडकीतून मुंडी काढून गावच्या बातम्या विचारायचा. उत्तर देताना मलप्पाला धाप लागली की ओरडायचा, "दम जिरव जरा! पोलिसाला बोलता बी आलं पायजे!" वस्ती आली की टँकर थांबायचा, बायका घागरी भरायच्या, मलप्पाही थांबायचा. दोन महिन्यांत तो पाचही वस्त्या बोलत बोलत पार करू लागला. तोवर अर्धी बादलीही भरायची.

भरतीच्या दिवशी मामी बांगड्यांच्या निमित्तानं मलाही लातूरला घेऊन गेली. शिट्टी वाजली आणि सगळी पोरं सुसाट सुटली. आमचा मलप्पा मागं एकटा, एक हात पुढं धरून, दुडक्या चालीनं.

"अरे, भरतीला आलाय का दूध घालायला?" कुणीतरी ओरडलं.

लोक हसले. मी पदराआड तोंड लपवलं. पण पाचव्या फेरीपासून सुसाट सुटलेले मैदानाच्या कडेला वाळत घातल्यासारखे पडू लागले. मलप्पा त्यांना ओलांडताना "काय पाव्हणं, बरं हाय ना?" असं विचारत होता.

सातव्या फेरीत घात झाला. मैदानाच्या कोपऱ्यात नळ होता आणि तिथं बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. मलप्पानं रांग पाहिली आणि थांबला. अगदी शांतपणे, टँकर थांबल्यासारखा. भरतीचे साहेब घड्याळ बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर उदगीरची दोन्ही दुकानं उभी राहिली.

"मल्या!" मामी कडाडली. "टँकर सुटला रे!"

तो दचकून निघाला.

संध्याकाळी अप्पा ओट्यावर पान लावत बसले होते.

"कितवा आलास?"

"सतरावा, मामंजी."

"सतरावा? आणि घेतले किती?"

"सतरा. आठ फेऱ्या तेवढ्यांनीच पुऱ्या केल्या."

अप्पांनी बराच वेळ पानाला चुना लावला. मी दाराआड कान देऊन उभी होते.

"म्हंजे सगळ्यात शेवटचा," ते म्हणाले.

"हाव."

"आणि मामंजी कधीपास्नं म्हणाया लागलास?"

मलप्पा कानापर्यंत लाल झाला. अप्पांनी पान तोंडात टाकलं आणि आत हाक मारली, "अगं, उदगीरला न्हाई म्हणून कळव."