कोठीघरातली सहावी

दोष लेटिशिया थॅकर या म्हातारीचा. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. असं म्हणणारे बहुतेक म्हातारेच असतात, त्यांना आपापली काळजी.

मी एक खुर्ची बोलतेय. पुढाऱ्याची खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जी येते, ती मी नव्हे. त्या खुर्चीवर लेटिशियाबाईंचा मुलगा ओरिन थॅकर वॉशिंग्टनला बसायचा, टेनेसीचा सिनेटर म्हणून, आणि ती साऱ्या जगाला ठाऊक होती. मी त्याच्या घरातली. त्याचे फोटो किती निघाले याला गणती नाही. त्यातल्या एकातही मी नाही.

आम्ही सहा जणी. एकाच अक्रोडाच्या झाडाच्या. थॅकरांच्या जेवणघरात लांब मेजाभोवती आमची जागा. डुकराचं भाजलेलं मांस, मक्याची भाकर, आणि त्यावर मोठ्या माणसांच्या गप्पा. हात जोडून देवाचे आभार मानायचे आणि लगेच शेजाऱ्याच्या अब्रूचे लचके तोडायचे, हे मी तिथंच पाहिलं. मला ऐकायला आवडायचं. जन्मभर त्या मेजापाशी उभं राहून ऐकत बसायची माझी तयारी होती. पण माझं शिक्षण अर्ध्यावर सुटलं. सुटलं म्हणजे करवतीनं तोडलं.

ओरिन तेव्हा तिशीचा होता. नुकताच निवडणुकीच्या राजकारणात पडलेला. एका उन्हाळ्यात ताप आला आणि उतरताना दोन्ही पाय घेऊन गेला. दवाखान्यानं मोठ्या चाकांची, वेताच्या पाठीची खुर्ची पाठवली. लेटिशियाबाईंनी ती पायरीवरूनच तबेल्याकडे वळवली.

"आजाऱ्याची वस्तू माझ्या दारात नको. थॅकरांकडे लोक येतात."

"अहो, पण त्याला हलवायचं कसं?" डॉक्टर म्हणाले.

"ते माझं मी बघते."

आणि तिनं बघितलं. सुताराला बोलावलं आणि जेवणघरात बोट दाखवून म्हणाली, "यातलीच एक घे. पाय काप, चाकं लाव. कुणाच्या नजरेला पडलीच, तरी घरातली वस्तू वाटली पाहिजे."

दाराजवळ मी होते, म्हणून मी. दुसरं काहीही कारण नाही. चाकं लावली ती जुन्या चहाच्या गाडीची. कापलेले पाय चुलीत गेले. डोशिया, म्हणजे घरची स्वयंपाकीण, त्या दिवशी म्हणाली, "अक्रोडाच्या आचेवर भाकर काय फुलते बघा!" डोशियाचा मी राग धरत नाही. तिला कुणी विचारून काही केलं नव्हतं आणि ती जे दिसेल ते बोलायची.

आता मी बुटकी झाले. मेजाशी मेळ बसेना. जेवणाची वेळ झाली की ओरिनला माझ्यावरून उचलून माझ्या एका बहिणीवर ठेवायचे आणि मला कोठीघरात ढकलून दार लावायचे. पीठ, लोणच्याच्या बरण्या, अंधार. पलीकडे काटे-चमचे वाजायचे, हसणं यायचं. पाचही जणी तिथं होत्या. एकीनंही कधी करकरून विचारलं नाही की सहावी कुठंय.

बाहेर ओरिन उभा असायचा. पायांना लोखंडी पट्ट्या, गुडघ्यात खटका अडकवलेला, एका हातात काठी, दुसरा हात पुतण्याच्या दंडात रुतलेला. कंबर झोकून तो एक पाय पुढं फेकायचा, मग दुसरा. त्याचा भार पेलावा म्हणून भाषणाचं मेज आदल्या दिवशी जमिनीला ठोकून ठेवलेलं असायचं. गाडीतून उतरायच्या वेळी वर्तमानपत्रवाले कॅमेरे खाली करायचे. कुणाला सांगावं लागत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. याला ते सभ्यता म्हणायचे. मी त्याच वेळी गाडीच्या डिकीत घोंगडीखाली असायचे. घोंगडीखालून ही सभ्यता फार काळी दिसते.

लोक म्हणायचे, "थॅकरनं पोलिओला लाथ मारली!" लाथ! ज्याला पायाचं बोट हलवता येत नव्हतं, त्यानं.

माझ्यापाशी मात्र तो वेगळा होता. दार लागलं की धपकन बसायचा, पट्ट्यांचे खटके सोडायचा, आणि हळूहळू शिट्टी वाजवायला लागायचा. वाजवत वाजवत कोठीघरात गिरक्या घ्यायचा. उभा असताना त्यानं कधी शिट्टी वाजवलेली मला आठवत नाही.

मग रूबी नेल आली.

लिंडेल गावात लाकडाच्या गिरणीपाशी हॉस्किन्स राहायचे. त्यांची ही आठ वर्षांची मुलगी, तिचेही पाय पोलिओत गेलेले. सरकारी नर्सनं तिच्यासाठी चाकांची खुर्ची आणली होती. शाळा टेकडीवर, मास्तरीणबाई पायऱ्यांवर फळी टाकून द्यायला तयार. पण मुलीची आई, ओला हॉस्किन्स, हटून बसली. "सिनेटर चालतो. माझी पोर का बसेल?" शेवटी असं ठरलं, की सिनेटरसाहेबांनाच विचारायचं. ते 'बैस' म्हणाले तर बसायचं. नर्सची खुर्ची तिच्या गाडीत वाट बघत राहिली.

निवडणुकीचा उन्हाळा होता. थॅकरांच्या अंगणात डुकरं भाजत होती, बँड वाजत होता, अर्धा जिल्हा जेवायला आलेला, विचारायला म्हणून हॉस्किन्स मायलेकी आणि नर्सही. दोन भाषणांच्या मध्ये ओरिन कोठीघरात येऊन माझ्यावर टेकला, मान मागं टाकून पडला, आणि बोलावणं आल्यावर खटके अडकवून पुतण्याच्या दंडाला धरून गेला. दार उघडंच राहिलं. रूबी नेल पाणी प्यायला मागच्या बाजूनं आली. तिच्याही पायांना पट्ट्या, त्या घासत, भिंत धरत. तिनं मला पाहिलं आणि दमली होती म्हणून बसली.

एका हातानं चाक ढकललं. मी हलले. तिनं पुन्हा ढकललं. मग आम्ही कोठीघरातून स्वयंपाकघरात, चुलीला वळसा घालून परत.

"आई! आई, बघ ना! मी पळतेय!"

ओला धावत आली. तिच्यामागून लेटिशियाबाई, आणि पुतण्याच्या दंडाला धरून ओरिन. बाहेर बँड चालूच होता.

"ही कुणाची हो, सिनेटरसाहेब?" ओलानं विचारलं. अगदी साधं विचारलं. त्या क्षणी तिनं आपलं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे लावलं होतं.

लेटिशियाबाईंनी फक्त मुलाकडे पाहिलं. बोलला तो, पण ते वाक्य त्याच्या तोंडात लहानपणापासून कुणी घालून ठेवलं होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

"ही होय? ही भांड्यांची गाडी आहे. डोशिया नेते ना यावरून, जेवणघरात."

"हो," डोशिया म्हणाली. "भांडी." आणि हातातली कढई तिनं अशी आदळली की चुलीवरचं झाकण उडालं.

"ऊठ गं," ओला म्हणाली. "भांड्यांच्या गाडीत काय बसतेस!"

रूबी नेल उठली नाही. तिनं माझ्या बैठकीवर तळहात टेकला. "पण आई, मी बसले तेव्हा ही गरम होती. आत्ताच कुणीतरी उठलं होतं."

"पोरी, मोठ्यांच्या घरी येऊन असं बोलू नये," लेटिशियाबाई म्हणाल्या.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती ओरिनला म्हणाली, "मग मी पण चालायचं का?"

तो म्हणाला, "जिद्द असली की सगळं जमतं, बाळ."

नर्सची खुर्ची गाडीतून उतरलीच नाही. आणि आपलं खोटं खरं दिसावं म्हणून त्या दिवसापासून पाहुणे आले की म्हातारी माझ्यावर खरंच भांडी रचायला लावू लागली.

रूबी नेल चालली. हिवाळ्यापर्यंत चालली. मग टेकडीवर दहिवर गोठलेलं होतं, पट्टी घसरली, मांडीचं हाड मोडलं. वसंत ऋतू येईपर्यंत ती पडून होती आणि शाळा सुटली ती सुटलीच. डोशियानं भांडी घासता घासता सांगितलं, "मिस्टर ओरिन, हॉस्किन्सांच्या पोरीचं हाड मोडलं. जिद्द होती हो तिच्यात. तुमच्याएवढी."

त्यानं संत्र्यांची टोपली पाठवली. ओलानं संत्री ठेवून घेतली आणि त्याचा उभा फोटो पोरीच्या पलंगासमोर टांगला. हेही डोशियानंच सांगितलं. त्या दिवशी त्यानं शिट्टी वाजवली नाही. नंतरही नाही.

पुढं लेटिशियाबाई गेल्या. शेवटपर्यंत म्हणत होत्या, "माझा मुलगा चालत माझ्या मागं येईल." आला. पट्ट्या बांधून, कबरीपर्यंत, कॅमेरे खाली. मग युद्ध आलं, गेलं. एका निवडणुकीत तो हरला आणि घरी परतला. पाहुणे यायचे थांबले. आता आम्हाला सगळं घर मोकळं होतं, पण तो कोठीघराबाहेरच्या अरुंद वाटेतच बसायचा. तिथं टेलिफोन होता.

लिंडेलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर रूबी नेल बसायची. तिथं काम बसूनच होतं. फोन उचलला की आधी तिचा आवाज: "नंबर?" रिसीव्हर कानापासून लांब धरायची त्याची सवय, म्हणून मलाही ऐकू यायचं. तो नंबर सांगायचा. किराणावाला, वकील, डॉक्टर. कधी कधी कुणाशी काही काम नसायचं, ते मला त्याच्या बोलण्यावरून कळायचं. जोडून दिल्यावर तो म्हणायचा, "नाही, काही नाही, सहज."

एका दुपारी त्यानं फोन उचलला.

"नंबर?"

"रूबी नेल, मी ओरिन थॅकर."

"हो, सिनेटरसाहेब. नंबर?"

"मी बसलोय." त्याची बोटं माझ्या दांडीवर घट्ट झाली. "त्याच खुर्चीत. ती भांड्यांची नव्हती."

ती म्हणाली, "माहीत आहे मला. तेव्हाही माहीत होतं." आवाज चढला नाही, उतरला नाही. "नंबर सांगा, साहेब. मागं लोक खोळंबलेत."

त्यानं आठवेल तो नंबर सांगितला. पेंडीच्या दुकानाचा असावा. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचललं नाही. तो रिसीव्हर धरून तसाच बसून राहिला, आणि मी त्याच्याखाली.

तो हिवाळा त्याला निभला नाही. कचेरीसमोरच्या चौकात आता त्याचा पुतळा आहे. उभा आहे, हे सांगायला नको. घर लोकांना बघायला उघडं ठेवलंय. माझ्या पाच बहिणी मेजाभोवती, मध्ये रेशमी दोरी. मी कोठीघरात, माझ्यावर तांब्याची पातेली, आणि पुढं पाटी: 'थॅकर कुटुंबाची भांडी वाहण्याची गाडी'. पायऱ्या तेवढ्याच उंच आहेत, फळी कुणी टाकलेली नाही. तेव्हा चाकांवरून येणारं कुणी मला पाहायला येईल, ही आशा मी सोडली आहे.

तुम्ही चालत येणारे असाल तर एवढंच करा. राखणदार पाठमोरा झाला की पातेली उचला आणि बैठकीवर हात ठेवून बघा. गार लागेल. तरी बघा.

साऱ्या टेनेसीत ज्याच्यासमोर ओरिन थॅकरला बसता आलं असतं असं एकच माणूस होतं, आठ वर्षांचं, आणि ते त्यानं घालवलं.