चौकटीवरची बटणं

फोटोवाली बाई दारातच थबकली. "ताई, हे चौकटीवर काय चिकटवलंय?"

"बटण आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण कशाला?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. माझे वडील शिंपी होते, आता त्यांना दिसत नाही, आणि कुठल्या दाराशी आलो ते त्यांना बटण चाचपून कळतं. पण मग तिनं पुढचं विचारलं असतं, की ते कुठं आहेत आणि घर विकताय हे त्यांना चाललं का. म्हणून मी ठोकून दिलं, "लहान मुलांचे उद्योग." या घरातलं शेवटचं लहान मूल म्हणजे मी.

अण्णा माझ्या घरी होते. घराला रंग द्यायचाय असं सांगून मी त्यांना घेऊन गेले होते. रंगबिंग काही नव्हता. दादानं आणि मी घर विकायला काढलं होतं. घर आम्हा दोघांच्या नावावर होतं. तेही अण्णांनीच करून ठेवलेलं, डोळे धड होते तेव्हा, माझ्यामागे तुम्हाला कचेऱ्यांचे खेटे नकोत म्हणून. त्यामुळे त्यांना न विचारता सगळं बिनबोभाट होत होतं. कायद्यात बसत होतं, तेवढंच.

अण्णांनी कुठं राहायचं तेही आम्हीच ठरवून टाकलं होतं. शहराबाहेर एक वृद्धाश्रम आहे, मी जाऊन बघून आले होते. खोली हवेशीर, भिंती पांढऱ्याशुभ्र. भिंतींना आणि दारांना काही ठोकायचं नाही, काही चिकटवायचं नाही, असा तिथला नियम. "आमच्या अण्णांचा काही त्रास होणार नाही," असं मी तिथल्या बाईंना सांगून आले. हे आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. दादा फोनवर म्हणाला, "आधी घर जाऊ दे, मग सांगू. उगाच त्यांच्या जिवाला घोर." घोर कुणाच्या जिवाला होता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अण्णांना माझ्याकडे कायमचं का ठेवता येणार नाही, याची कारणं मी पाठ करून ठेवली होती. घर लहान, दोघांच्या नोकऱ्या, दिवसभर घराला कुलूप. सगळी खरी होती. सगळ्यात खरं कारण मी कुणालाच सांगत नव्हते. मी कंटाळले होते.

"घर कसं," फोटोवाली समजावत होती, "इथं कुणीच राहत नाही असं दिसलं पाहिजे. मग बघणाऱ्याला वाटतं, इथं आपण राहू."

मग आम्ही अण्णांना पुसायला लागलो. औषधांचा डबा, जुनी काठी, खुर्चीवरची चपटी झालेली उशी, न्हाणीघरातलं स्टूल, सगळं पलंगाखाली सरकवलं आणि चादर जमिनीपर्यंत ओढली. बोळात हाताच्या उंचीवर एक मळकट पट्टा होता. अण्णा भिंत धरून ये-जा करायचे, त्याचा. मी साबण लावून घासघास घासला, तो ढिम्म. शेवटी फोटोवालीनं गॅलरीतली उंच कुंडी आणून पुढे ठेवली आणि म्हणाली, "बघा, गेला."

राहिली बटणं. मी बोथट सुरी आणि एक वाटी घेतली. बाहेरच्या दाराला कोटाचं मोठं बटण, स्वयंपाकघराला चार भोकांचं, न्हाणीघराला दोन भोकांचं. आईच्या खोलीला तिच्या ब्लाउजचं शिंपल्याचं, नखाएवढं. कसला गोंद वापरला होता देव जाणे, प्रत्येक बटण रंगाचा पापुद्रा घेऊनच सुटत होतं.

अण्णांच्या बोटांनाच डोळे आहेत, असं आई म्हणायची. माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं, हा सगळ्या जगाचा रोग. अण्णा टेपकडे न बघताच म्हणायचे, "श्वास सोडा. मग सांगतो." भल्याभल्यांची पोटं त्यांनी अशी बाहेर काढली होती. मग सदरा मात्र कधी तंग व्हायचा नाही.

शेवटचं बटण वाटीत पडलं आणि नवऱ्याचा फोन आला. "अगं, अण्णा ऐकतच नाहीत. रंग कसा लागतोय ते बघून येऊ म्हणाले. मी गाडी लावतोय, ते जिना चढायला लागलेसुद्धा."

वाटी कुठं लपवावी तेही सुचेना. जणू त्यांना ती दिसणार होती.

अण्णा वर आले. उजवा हात सवयीनं चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला. बोटं गोंदाच्या खरखरीत डागावर फिरली, जरा वर गेली, जरा खाली आली. मी वाटी धरून समोर उभी होते.

"कोण आहे? तू का? इथलं बटण कुठं गेलं?"

"रंगासाठी काढलं, अण्णा."

"रंगाचा वास नाही."

"उद्यापासून लावणार आहेत."

तेवढ्यात आतून फोटोवाली म्हणाली, "ताई, ते काका जरा बाजूला होतील का? फोटोत येतायत. विकायच्या घरात माणूस दिसला की लोक पुढचे फोटो बघत नाहीत."

तिचा काय दोष? तिला खोटं बोलायला मी शिकवलंच नव्हतं.

अण्णा दोन पावलं सरकले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "इथं चालेल का? आता येत नाही ना मी?"

"नाही काका. छान," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला. "बटणं दे." मी वाटी धरली. एका हातानं त्यांनी माझं मनगट पकडलं, दुसऱ्यानं बटणं चाचपली.

"घर मोठं आहे, मला एकट्याला आवरत नाही, हे मलाही कळतं गं," ते म्हणाले. "हे कोटाचं तुमच्या बाहेरच्या दाराला लावू. हे न्हाणीघराला. तिथं मी दोनदा चुकून कपाटात शिरलो होतो, तुम्हाला बोललो नाही." ते हसले. "दारं नवीन आहेत तुमची. जावईबापूंना चालेल ना?"

माझ्या डोळ्यांसमोर त्या पांढऱ्याशुभ्र भिंती आल्या. "चालेल की," मी म्हणाले. "न चालायला काय झालं?"

वाटीतली बोटं थांबली. मनगटावरचा हात टेप धरल्यासारखा हलका होता.

"श्वास सोड," अण्णा म्हणाले. "मग सांग."

आतून फोटोवाली विचारत होती, दिवे लावू का. मी श्वास सोडला आणि अण्णांना सगळं सांगितलं. वृद्धाश्रमातली खोली, दादा, तिथल्या बाई, भिंतींचा नियम, माझा कंटाळासुद्धा.

त्यांनी वाटीत बोटं फिरवून शिंपल्याचं बटण तेवढं वेचलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"खिशात ठेवलेलं चालतं का," ते म्हणाले, "तेवढं त्या बाईंना विचारून घे."