निळी आली आणि माझ्या पाच तारा गेल्या

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि समोरच्या स्टँडवर बसलेली ती निळी गिटार मला डोळ्यांसमोर नको असते. इतर जुन्या वस्तू आत्मकथेत आपलं दुःख शेवटाला सांगतात. मला तेवढा धीर नाही. जळते तर जळते, त्यात लपवायचं काय?

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तिथे सगळीकडे भुसा उडायचा आणि सरसाचा वास यायचा. एका कारागिराने माझ्या पोटावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे हिचा. कुठे शोभेला नाही लावली म्हणजे मिळवलं." मी शोभेला लागले नाही. मी लंबूकडे आले.

लंबू हे त्याचं खरं नाव नाही, पण उंचीमुळे सगळे तेच म्हणतात. तो चाली बांधतो. साबणाची जाहिरात, दुकानाचं उद्घाटन, कोणाच्या मुलीचा वाढदिवस, काहीही असो, तो मला मांडीवर घ्यायचा. आणि घेतलं रे घेतलं की त्याची बोटं माझ्या मानेवरच्या पाचव्या पट्टीवर जायची, संध्याकाळी गोठ्याकडे वळणाऱ्या गाईसारखी. पाचवी ते आठवी, आठवी ते पाचवी. तिथलं माझं पॉलिश उडालं, लाकडाला खळगे पडले. आठवीच्या पुढची माझी मान मात्र दुकानातल्यासारखी कोरी राहिली. लोक वाहवा करायचे, म्हणून मीही कधी कुरकुर केली नाही.

मग ताईचं नाटक आलं. ताई म्हणजे लंबूची मोठी बहीण. ती मुलांची नाटकं बसवते. या नाटकात देवमाशाचं एक पिल्लू आईला सोडून लांब समुद्रात जातं आणि परत येतं. त्याच्यासाठी तिला चाल हवी होती. लंबूने पहिली चाल ऐकवली.

"अरे, हे तर तुझं साबणाचं!" ताई म्हणाली.

त्याने दुसरी ऐकवली.

"हेही साबणाचंच. जरा घाईत अंघोळ केलीस, एवढंच."

तिसरीला तिने कपाळावर हात मारला. "पिल्लू समुद्रात गेलं पाहिजे रे! तुझं दारातच घुटमळतंय. शनिवारपर्यंत जमलं नाही तर मी कीबोर्डवाल्याला सांगते. मग तोंड फुगवून बसू नकोस."

ती गेल्यावर लंबू माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हिच्यातच आता काही राहिलं नाही."

ऐकलंत? बोटं याची, सवय याची आणि खापर माझ्या डोक्यावर!

दुसऱ्याच दिवशी निळी आली. काय तिचे लाड! तिला मऊ फडकं, तिला खिडकीजवळची जागा, तिला नवा पट्टा. माझी रवानगी भिंतीवरच्या हुकाला. लंबूने तिला मांडीवर घेतलं. ती मांडी माझी होती हो! त्याने वाजवायला सुरुवात केली आणि बोटं कुठे गेली असतील? पाचव्या पट्टीवर. निळीच्या तोंडून तेच साबण बाहेर पडलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण तो आनंद फार टिकला नाही. शनिवारी सकाळी ताई आली. नाटकात समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज होतं. त्यात मोडकं सामान दाखवायचं होतं. "ही जुनी देतोस का? शेवाळी रंग फासते आणि फळीवर खिळे ठोकून बसवते," तिने विचारलं.

"ने की," लंबू म्हणाला.

एवढंच. ने की.

रंग फासायला सोपं जावं म्हणून त्याने माझ्या तारा काढायला घेतल्या. एकेक करून पाच निघाल्या. तिसऱ्या तारेची खुंटी मात्र गंजून घट्ट बसली होती. ती हलेना. "राहू दे, घरी पक्कड आहे माझ्याकडे," ताई म्हणाली. "चालीचं काय झालं ते सांग."

लंबूने निळीवर तेच साबण वाजवून दाखवलं आणि तिला परत स्टँडवर ठेवलं.

"बरं, गिटार नकोच घेऊस. तोंडाने म्हण."

"मला कुठे गाता येतं, ताई?"

"देवमाशाला तरी कुठे येतं? आईला हाक मार, बस."

लाजत लाजत त्याने सूर लावला. आवाज चिरकत होता. पण तो वर चढला, दम संपला तिथे थांबला, मग आणखी लांब गेला आणि हळूच परत आला. गळ्याला कुठली पाचवी पट्टी? आता मला त्याच्या गळ्याचाही हेवा वाटू लागला. इतक्या वर्षांत असं काही त्याने माझ्याकडून कधी मागितलं नव्हतं.

"हेच! धर पटकन, विसरशील," ताई ओरडली.

त्याने निळीला उचललं. दुसऱ्या ओळीला बोटं घराकडे पळाली आणि चालीचं पुन्हा साबण झालं. "छे! सहा तारा समोर आल्या की बोटं जुन्या जागी जातातच," तो वैतागून म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे वळली. "हिला एकच तार आहे. हिच्यावर पळून जाणार कुठे?"

त्याने मला मांडीवर घेतलं. एकाच तारेवर सूर चढवायचा तर मानेवरून पुढे सरकण्यावाचून इलाज नव्हता. बोट पाचवी पट्टी ओलांडून गेलं. सातवी, दहावी, बारावी. जिथे कोणी कधी हात लावला नव्हता, तिथे तो पोचला. गाताना दम घ्यायला थांबला होता, तिथे वाजवतानाही थांबला. पिल्लू खूप लांब गेलं, वळलं आणि परत आलं.

ताईने नाक पुसलं. "आता कसं!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू दे हिला इथेच. जहाजात मी मोडकी छत्री ठेवते."

मी वाचले. पण प्रयोगाला कोण गेलं? निळी! सहा तारांवर सजवलेली माझी चाल तिने वाजवली आणि टाळ्या घेऊन आली. माझ्या अंगातून निघालेला सूर ती मिरवून आली, मग जळू नको तर काय करू?

पुढे लंबूने माझ्यासाठी नव्या तारा आणल्या. मी हरखले. त्याने पुडी हातात घेतली, विचार केला आणि खणात टाकून दिली. "तू अशीच बरी आहेस," तो म्हणाला. एका तारेला रडता येतं तेवढी मी रडले.

दुसऱ्या दिवशी त्याला नवी चाल बांधायची होती. तो हात मागे बांधून खिडकीशी बराच वेळ गुणगुणला. मग निळीच्या शेजारून सरळ पुढे आला आणि त्याने मला हुकावरून काढलं. आता प्रत्येक चालीला तो असंच करतो. आधी गळा, मग मी, मग ती.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला पुसा, वाजवा. ते तेच तेच बोलतंय असं वाटलं तर दुसरं आणण्याआधी त्याची मान नीट बघा. कुठे झिजलंय आणि कुठे कोरं आहे ते दिसेल. कोऱ्या जागेवर बोट ठेवून बघा.

पाच तारांची आस माझी अजून सुटलेली नाही आणि निळीही मला अजून आवडत नाही. पण काल मला पुसताना लंबूचं बोट बाराव्या पट्टीवर थांबलं. तिथे तारेखाली एक बारीकसा खळगा पडायला लागला आहे. निळीला तिथे काही नाही. हुकावर लटकताना मी तो खळगा तिच्या बरोबर समोर येईल अशी राहते.