दुखेल हं

दातांचा डॉक्टर आगाऊ सूचना दिल्याशिवाय हात पुढे करत नाही, आणि हा डॉक्टर तर त्यातला महागुरू. सुई टोचण्याआधी, दाढ उपटण्याआधी मऊ आवाजात सांगायचा, "आता थोडं दुखेल हं." पेशंट खूश असायचे. पंचाईत झाली ती सासरी, पत्त्यांच्या टेबलावर.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे आणि जावयाशी हवापाण्यापलीकडे बोलायचे नाहीत. पण रविवारी पत्ते पिसले की त्यांची जीभ सुटायची. त्यांचा जुना भिडू, म्हणजे सासूबाईंचा भाऊ, दुसऱ्या गावी राहायला गेला आणि रिकाम्या खुर्चीवर डॉक्टरची वर्णी लागली. विरुद्ध जोडी मायलेकींची: सासूबाई आणि त्याची बायको. डॉक्टरला ती खुर्ची मनापासून हवी होती. लहानपण हॉस्टेलात गेलेल्या माणसाला घरच्या माणसांत बसून बोलणी खाण्याचंही अप्रूप असतं.

खेळ सोपा होता. जास्त दश्श्या ज्या जोडीकडे, ती जिंकली. उतारीचा रंग आपल्याकडे नसेल तर हुकूम मारायचा आणि हात उचलायचा. डॉक्टर हे पटकन शिकला. घात केला तो सवयीने.

बायकोने किलवरचा एक्का टाकला. लेकीचा हात पक्का, म्हणून सासूबाई त्यावर दश्शी द्यायला निघाल्या. डॉक्टरकडे किलवर नव्हता, हुकूम होता.

"आता थोडं दुखेल हं," तो म्हणाला.

दश्शी आल्या पावली परत गेली आणि टेबलावर तिर्री पडली. डॉक्टरने हुकूम मारून ती तिर्री मोठ्या थाटात उचलली.

"अहो, दरोडा घालायला गेलात आणि दाराची बेल वाजवलीत!" सासरे कडाडले.

"सवय आहे हो."

"मग तोंडात कापूस धरा!"

पुढच्या रविवारी त्याने खरंच कापूस धरला. तर चेहरा बोलायला लागला. हुकूम मारायची वेळ आली की त्याच्या भुवया अशा कनवाळू व्हायच्या की सासूबाई गुपचूप पान बदलायच्या. मायलेकी जिंकतच सुटल्या. शेवटी सासऱ्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "आज हरलो तर ही खुर्ची वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची." शिंपी चष्मा पुसत दारात उभाच होता.

हरले. सपशेल. चारही दश्श्या तिकडे. डॉक्टर उठला. शिंप्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू उठले तर मीही उठले," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण का?"

"लग्न झाल्यापासून तुम्ही नि माझा भाऊ मिळून मला हरवत आलात. वर कशी चुकले तेही ऐकवायचात. आता कुठे मला जिंकायला मिळतंय, तर माझा सोन्यासारखा जावई काढून टाकता? हात लावून बघा त्यांना!"

बायकोनेही पानं पालथी घातली. शिंप्याला चहा पाजून वाटेला लावण्यात आलं.

सासऱ्यांनी कॅट डॉक्टरपुढे सरकवला. "पिसा, भिडू. जन्मठेप ती जन्मठेप."

त्यांनी पहिल्यांदाच त्याला भिडू म्हटलं होतं. डॉक्टरला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्याने पत्ते वाटले, आपली पानं उचलून पाहिली, आणि शेजारून सासूबाई लेकीला हळूच म्हणाल्या, "हुकमाचा एक्का यांच्याकडे आहे गं."